कानपिळीला न उठलेला दादा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच कदाचित जीभ उचलतेय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाळवा तालुक्यात आमचं घर, भोवती ऊस. थोरला भाऊ, दादा, फौजेत होता. तिकडं त्याला फिट येऊ लागल्या आणि फौजेनं घरी पाठवलं. आबांनी गावात सांगितलं, पोराचा गुडघा गेला. घरात फिटचा माणूस आहे म्हटल्यावर पोरीला स्थळ कोण आणणार? पोरगी म्हणजे मी. ते खोटं सगळ्या घराचं होतं. त्याबद्दल मी बोलत नाहीये.

मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फिट थांबल्या. घर खूश झालं. पण दादा — तो ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. उसाला पाणी पाजायला गेला तरी बांधावर बसूनच राही, आणि परतल्यावर त्याला जेवायलाही उठवत नसे. मधेच भडकायचा, मग दिवसभर गप्प. एकदा कपबशी भिरकावली आणि नंतर स्वतःच तुकडे वेचत रडला. एवढा फौजी गडी. ओसरीवरून माणसं ये-जा करायची, पण त्याच्याजवळ कुणी बसत नसे. आम्ही त्याला आळशी म्हणायला लागलो. आधी पाठीमागं, मग तोंडावर.

पुढच्या खेपेला त्याच्यासोबत मिरजेला मी गेले. मॅट्रिक झालेली ना मी! डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हा थकवा, हे उदास बसणं म्हणजे आळस नव्हे, म्हणाले. आजारातलंच आहे, थोडं गोळ्यांमुळंही असेल. घरी सगळ्यांना समजावून सांगा, त्याला टोचून बोलू नका, आणि असंच राहिलं तर परत आणा, गोळी बदलून बघू.

किती सोपं होतं, नाही?

एसटीत दादा खिडकीशी बसला होता. त्यानं विचारलं, "काय म्हनला गं डॉक्टर? ह्ये आंग गळतंय, कशात जीव रमंना — त्येचं काय?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "हिंडाय-फिराय लागलास की जाईल म्हनले."

त्यानं मान हलवली आणि बाहेर बघत राहिला.

का म्हटलं मी असं? त्याच आठवड्यात वडूजहून मला बघायला येणार होते. मुलगा मास्तर होता, आणि मला तो फार मनापासून हवा होता. आमच्या घरात बोललेलं चुलतीच्या तोंडून गावभर व्हायचं. पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणाले असते. आळशी भावापायी मात्र कुणाचं लग्न मोडत नाही. हा विचार मी त्याच्या शेजारी, त्याच बाकावर बसून केला.

लग्न दारातच झालं. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. दादा फौजेतला कोट घालून सकाळपासून तयार होता, आणि ऐन वेळी आतल्या खोलीत आडवा झाला तो उठेचना. चुलतभावानं कान पिळला. मांडवात लोक हसले, आणि मला दादाचा राग आला — हो, राग.

पाठवणीला तो दाराशी आला. कोट चुरगळला होता.

"शालन, माझ्यात लय आळस भरलाय बग. तुज्या कानपिळीला सुदिक उटवलं न्हाई. माफ कर मला."

जीप थांबली होती, पण एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? मी रडत होते. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. मी जीपमध्ये बसले.

नंतरही नाही सांगितलं. आधी सासरची भीती होती. मग — मग कुठल्या तोंडानं सांगणार? हे ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता, आणि तो त्याच गोळ्या खात, त्याच ओसरीवर, केस पिकायच्या आत गेला. स्वतःला आळशी समजत गेला.

परवा माझा नातू ऊन वर आलं तरी अंथरुणात लोळत होता. सून कौतुकानं म्हणाली, मामाआजोबांवर गेलाय अगदी.

मीही हसले.