बेटाची मागची बाजू

तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून झाल्यावर शिंपीणबाई पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर बेटावर सुट्टीला आली. हॉटेलसमोरच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. "इथे नको, माणूस नसेल तिथे जाऊ," असा हट्ट तिनेच धरला. नावाड्याने दोघांना बेटाच्या मागच्या बाजूला सोडलं आणि चारला न्यायला येतो म्हणून सांगितलं.

पाणी नितळ होतं, वर माडांची सावली. एरवी घुम्यासारखा बसणारा नवरा पोरासारखा डुंबत होता. बाराच्या सुमारास तो छाती धरून बाहेर आला, "जरा पडतो गं," म्हणाला आणि वाळूवर आडवा झाला, तो उठलाच नाही. तिने छाती चोळली, घसा बसेस्तोवर हाका मारल्या, पण आसपास चिटपाखरू नव्हतं. फोनला रेंज नव्हती. मग सावली सरकेल तसं ती त्याला ओढत सावलीत नेत राहिली आणि अंगावर चढणारे खेकडे हाताने उडवत राहिली.

नावाडी वेळेवर आला आणि जागीच थिजला. "काकू, कसं झालं हे?"

"मीच आणलं त्यांना इथे," ती म्हणाली. "तुम्ही पाय धरा. हळू उचला हं, त्यांची कंबर दुखते."