कब्रस्तानातलं पाणी आणि आमचं पावित्र्य

आमच्या ख्रिस्ती मंडळीत राजकारण हा शब्द दारू आणि मटक्याच्या पंगतीत बसायचा. आपण जगिक, म्हणजे ऐहिक, गोष्टींत पडायचं नाही, असं पप्पा आम्हाला लहानपणापासून सांगत. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, चर्चच्या पंच कमिटीवर वर्षानुवर्षं बसलेले. मतदानाची सुट्टी ही खास आमच्यासाठी देवाची कृपा आहे असं समजून नाशिकच्या आमच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली आठ-दहा कुटुंबं डबे घेऊन गंगापूर धरणावर जायची. नळाला पाणी नाही म्हणून सहा दिवस नगरसेवकाला शिव्या, आणि रविवारी राज्यकर्त्यांसाठी मान खाली घालून प्रार्थना. याला आम्ही आत्मिक जीवन म्हणत होतो. मीही म्हणत होतो. नव्वदच्या दशकाचा तो उत्तरार्ध. मी तिशीतला, अंबडच्या एका कारखान्यात टायपिस्ट, आणि चर्चच्या तरुण संघाचा सेक्रेटरी.

एका श्रावणात सिस्टरबाईंचे यजमान वारले. सिस्टरबाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या निवृत्त नर्स. वस्तीतली आणि शेजारच्या बौद्ध कॉलनीतली निम्मी माणसं त्यांच्या हातात जन्मलेली, मीसुद्धा. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. कब्रस्तानाला लागून मोठं उघडं गटार होतं आणि ते दर पावसाळ्यात तुंबायचं. आम्ही पेटी खाली सोडली तेव्हा खड्ड्यात कंबरभर काळं पाणी होतं. पेटी बुडेना. एका बाजूनं वर यायची, दाबली की दुसऱ्या बाजूनं. शेवटी दोघांनी बांबू घेतले आणि पेटी तळाशी दाबून धरली, तोवर बाकीच्यांनी चिखल लोटला. पाळकसाहेब छत्रीखाली उभे राहून पुनरुत्थानाविषयी वाचत होते. सिस्टरबाई रडल्या नाहीत. त्या बांबूंकडे बघत होत्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी पंच कमिटीला अर्ज दिला, महापालिकेकडे गटाराचा विषय न्या म्हणून. कमिटीनं ठराव केला की या विषयावर प्रार्थना करावी. प्रार्थना झाली. गटार तसंच राहिलं. मग बाई एकट्याच नगरसेवकाकडे गेल्या. त्यानं चहा पाजला आणि हसत विचारलं, "सिस्टर, खरं सांगा, तुमच्या लोकांतून मतदानाला येतं कोण?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. धरणावरच्या डब्यांत त्यांचीही पोळीभाजी असायची.

त्यानंतरच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, आणि सिस्टरबाई अपक्ष उभ्या राहिल्या. उमेदवारी अर्जावर वॉर्डातल्या मतदाराची सूचक म्हणून सही लागते. त्यासाठी बाई एका संध्याकाळी आमच्या दारात आल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फॉर्म.

"सही कर रे इथं. मतदार यादीत तुझं नाव आहे, मी बघितलंय."

आतल्या खोलीत पप्पांनी रेडिओचा आवाज कमी केला. तो आवाज कमी होणं मला नीट ऐकू आलं.

"सिस्टर, मी तरुण संघाचा सेक्रेटरी आहे," मी म्हणालो. "माझी सही म्हणजे मंडळीची सही असं होईल."

"मग चांगलंच आहे की."

"तसं नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी या घाणीत..."

"घाणीत?" त्या म्हणाल्या. "अरे, माझा नवरा कशात पुरलाय ते तू बघितलंस ना? एक बांबू तुझ्याच हातात होता."

मी सही केली नाही. त्यांनी फॉर्म पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "पप्पांना सलाम सांग." बौद्ध कॉलनीतल्या एका शिक्षिकेनं सही दिली. तिची दोन्ही बाळंतपणं बाईंनी केली होती.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुलपिटावरून पाऊण तास उपदेश केला. आपलं खरं नागरिकत्व कुठलं, जगाच्या खुर्च्या किती क्षणभंगुर, वगैरे. बाईंचं नाव घेतलं नाही. सगळ्या माना मात्र चौथ्या बाकाकडे वळल्या, जिथं त्या बसत. उपदेश क्षणभंगुर खुर्च्यांवर होता आणि समोर पहिल्या बाकावर बसलेले पंच त्या बाकासाठी एकमेकांच्या मुलींच्या लग्नात मोडता घालायला कमी करत नसत. कमिटीच्या निवडणुकीआधी कुणाच्या घरी मटण शिजलं, कुणाच्या जावयाची बदली कुणी अडवली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पण ते राजकारण नव्हे. ती सेवा.

मतदानाला आठवडा उरला असताना, रविवारच्या उपासनेत, एका मोठ्या पक्षाच्या उमेदवार बाई चर्चमध्ये आल्या. म्हणजे आले त्यांचे यजमान, तेच ते चहा पाजणारे नगरसेवक. वॉर्ड राखीव झाल्यामुळे आता बायको उमेदवार होती. ती डोक्यावरून पदर घेऊन मागे उभी राहिली, बोलणार हेच. बरोबर दहा-बारा कार्यकर्ते, पायांत बूट-चपला तशाच. पाळकसाहेब स्वतः खाली उतरले. वेदीशेजारी खुर्ची मांडली गेली. ज्या पप्पांनी आयुष्यभर कधी मत दिलं नाही, त्या पप्पांनी त्या माणसाच्या खांद्यावर शाल घातली. शाल नीट बसेना तर चक्क टाचा उंचावून घातली.

तो माणूस पाच मिनिटं बोलला. आपला धर्म प्रेमाचा आहे, येशू ख्रिस्तावर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे, तुमच्या चर्चला नवे स्पीकर बसवून देतो. टाळ्या झाल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती.

चौथ्या बाकावरून सिस्टरबाई उठल्या. पांढरी साडी, हातात चष्मा.

"पाळकसाहेब, मलाही पाच मिनिटं द्या. मी पण उमेदवार आहे."

पाळकसाहेबांनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं, "सिस्टर, हे देवाचं घर आहे. इथं राजकारण नको."

आणि आम्ही सगळे, मी धरून, गीतपुस्तकं उघडून पुढचं गीत शोधायला लागलो. मी बाजाच्या पेटीवर सूर दिला. बाई बाकाच्या कडेनं हळूहळू चालत बाहेर गेल्या. शाल पांघरलेला माणूस आमच्याबरोबर गीत गात होता, शब्द येत नसताना नुसते ओठ हलवत. तेवढ्यापुरता आमच्यात आणि त्याच्यात काही फरक नव्हता.

मतदानाच्या दिवशी मी धरणावर गेलो. बिर्याणी होती. कुणीतरी अंताक्षरी काढली. सिस्टरबाई पडल्या हे सांगायला नकोच. त्यांना जी मतं पडली ती बहुतेक बौद्ध कॉलनीतून पडली, आणि आमच्या लोकांनी त्याचाही अर्थ लावला: बाईंनी तिकडच्यांशी संधान बांधलंय, अजून काय हवं? एका जिभेनं राजकारण वाईट म्हणायचं आणि दुसऱ्या जिभेनं ते करायचं, इतकी सोय आम्ही करून घेतली होती.

महिनाभरानं मी त्यांच्याकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी माफीचं वाक्य घरून तयार करून नेलं होतं. ते अर्धं झालं तेवढ्यात त्या म्हणाल्या, "टायपिंग येतं ना तुला?"

"येतं."

"शनिवारी जेवायच्या सुट्टीत मोकळा असतोस?"

"असतो."

"मग बस. ही मेथी निवड आणि ऐक."

पडल्यानंतर बाई थांबल्या नव्हत्या. कॉलनीतल्या सात-आठ बायका घेऊन त्या दर सोमवारी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन बसत. अर्ज मी टाइप करायचो, शनिवारी कारखान्याच्या मशीनवर, साहेब जेवायला गेले की. इंजिनिअर नाही म्हटला की त्या म्हणायच्या, "बरं, आम्ही बसतो." आणि डबा उघडायच्या. एकदा त्यांनी तिथल्या शिपायाचं ब्लडप्रेशर तपासलं. पुढच्या सोमवारी अर्धं ऑफिस बाही वर करून रांगेत उभं. फाइल हलायला तरीही तीन पावसाळे गेले. मग गटार बांधलं गेलं, वरून झाकलंही गेलं.

उद्घाटनाला शालवाला माणूस बायकोसह आला. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले, मग नगरसेविकाबाईंचे, मग पंच कमिटीच्या अखंड प्रार्थनेचे. सिस्टरबाई गर्दीच्या मागे शिक्षिकेशी बोलत उभ्या होत्या. मी चिडून काहीतरी म्हणालो तर मलाच रागावल्या. "गटार झालं ना? मग? तुला फोटो पाहिजे होता का?"

मला खरंच पाहिजे होता. त्यांचा.

दोन हजार सालानंतर वारं फिरलं. पक्षांनी अल्पसंख्याकांसाठी वेगळी मंडळं काढली आणि आमच्या पंचांना एकाएकी लोकसेवेची हाक ऐकू आली. शहर उपाध्यक्ष, सहचिटणीस, निमंत्रित सदस्य, अशी व्हिजिटिंग कार्डं उपासनेनंतर दारात वाटली जायची. नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर कोपऱ्यात आपला पासपोर्टएवढा फोटो यावा म्हणून दोन पंचांचं भांडण पोलीस चौकीपर्यंत गेलं. यातल्या एकानंही कधी एक गटार, एक नळ, एक दाखला कुणाला मिळवून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्याच सुमारास कमिटीनं मला तरुण संघाच्या सेक्रेटरीपदावरून काढलं. कारण लेखी दिलं होतं: राजकारणात सहभाग. पत्राखाली सात सह्या होत्या, त्यातली तिसरी पप्पांची, हेडक्लार्कच्या सुरेख वळणाची. पप्पा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना भाजीचं भांडं मला न देता आईकडे सरकवत.

पत्र मी सिस्टरबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, आणि मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"चांगला कागद आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यावर रेशन कार्ड न मिळालेल्या बायकांची यादी लिहायला बसल्या.