सावरगाववाल्याच्या खांद्यावर

“घाई कोनाले हाय?” असं म्हणून ते पेटीसमोर उकिडवे बसत. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार, दलाल कपाळाला आठ्या घालून उभा, आणि हे संत्र्याच्या भरल्या पेटीची एक कड दोन बोटांनी जराशी उचलून बघताहेत. वजनाचा अंदाज आला की मान हलवायचे, पेटी पोटाशी ओढायचे आणि उठायचे. तुम्ही कधी बाजारात हमालांचं काम बघत उभे राहिला असाल, तर तुमच्याही लक्षात आलं असेल की बरेचजण ओझ्याशी मारामारी करतात. हे करत नसत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पांढुर्ण्याच्या संत्रा बाजारात मी एका दलालाकडे होतो. पेट्यांवर काळ्या शाईनं मार्का मारायचं काम. वय बावीस. ते तिथले हमाल, पन्नाशीचे, जाम नदीच्या पलीकडे सावरगावात, बौद्ध वस्तीत राहणारे. सगळा बाजार त्यांना अरे-तुरे करायचा, मीही करायचो. बापाच्या वयाच्या माणसाला. आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

माझ्या वडिलांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. रोज सकाळी त्यांना आतल्या खाटेवरून उचलून अंगणात उन्हाला न्यायचं आणि संध्याकाळी परत आत आणायचं, हे माझं काम. आई काडीसारखी, मला भाऊ नाही. वडील मात्र आडव्या हाडाचे. त्यांना उचलताना माझे पाय लटपटायचे, म्हणून मी व्यायामशाळेत जाऊन वजनं उचलायला लागलो. जेमतेम दोन महिने झाले असतील. तिथली पोरं माझे दंड बघून तोंड फिरवून हसायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना गोटे मारतात ती. सगळं गाव नदीवर दगडं मारायला आणि बघायला गेलेलं, व्यायामशाळा रिकामी. हसायला कोणी नाही म्हटल्यावर मला चेव आला. मोठी पोरं लावायची तेवढ्या थाळ्या मी बारला लावल्या, खाली वाकलो आणि वाकल्या पाठीनंच जोर लावला. कमरेत काहीतरी सटकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तसाच रांगत दारापर्यंत आलो.

बाहेर डोकी फुटलेल्यांची ने-आण चालू होती. दोन अनोळखी माणसांनी मला रांगताना बघितलं, बगलेत हात घालून उचललं आणि नेऊन जखमींच्या रांगेत बसवलं. कंपाउंडरनं विचारलं, गोटा कुठं लागला? म्हटलं, कमरेत. तू कोणाकडून होता? म्हटलं, पांढुर्ण्याकडून. त्यानं माझ्या कमरेला आयोडीन फासलं आणि शेजारच्या डोकं फुटलेल्या गृहस्थानं ‘शाबास’ म्हणून माझ्या पाठीत थाप मारली. मी कसा ओरडलो नाही ते माझं मलाच माहीत.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं हो मी. पण गोटा लागलेल्याला आमच्याकडे मान आहे, आणि आपल्या हातानं आपली कंबर मोडून घेणाऱ्याला काय मिळतं ते सांगायला नको. घरी नेलं तेव्हा वडिलांचे डोळे चमकले. जवानीत ते गोटमारीचे नामी गडी होते. त्यांनी डाव्या हाताची मूठ वळून मला दाखवली. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मग काय, गोट्याच्या माराचे इलाज सुरू झाले. शेकलेली वीट, हळदीचा लेप, कोणीतरी आणलेला एक मालिशवाला, त्यानं तर माझी पार कणीक तिंबून काढली. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. किती दिवस ते मी विचारलं नाही, जन्मभर असंच धरून चाललो. दुखणं दिवसेंदिवस कमी होत गेलं आणि भीती वाढत गेली. खाली पडलेला रुमाल मी पायाच्या बोटांत धरून वर घ्यायचो. वडील आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून. शेजारचा एकजण कधी यायचा, कधी नाही. त्यांच्या पाठीवर लाल चट्टे उठायला लागले, आणि मी त्यांचा धडधाकट दिसणारा मुलगा भिंतीला टेकून उभा. रात्री झोप लागायची नाही. हा माणूस आता माझ्यामुळे इथेच सडणार, हाच एक विचार.

दिवाळीच्या तोंडावर संत्र्याचा हंगाम लागला, तेव्हा दलालानं त्यांना, सावरगाववाल्यांना, माझ्याकडे निरोप देऊन पाठवलं, कामावर येतो की दुसरा माणूस बघू? ते ओट्याखाली उभे राहून बोलत होते, तेवढ्यात आत धप्प आवाज झाला. आईनं एकटीनं वडिलांना उठवायचा प्रयत्न केला होता आणि दोघंही जमिनीवर आले होते. मी दारात पोचलो. हात पुढे केले. पण वाकता येईना. खरंच येईना, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं.

ते माझ्या बाजूनं आत गेले. आमच्या घरात त्या वस्तीतलं कोणी ओटा ओलांडून कधी आलं नव्हतं. त्यांनी आईला आधी उठवलं. मग वडिलांच्या बाजूला गुडघा टेकला, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, छातीशी धरून उठले आणि अंगणातल्या खाटेवर नेऊन ठेवलं. वडिलांनी सगळा वेळ डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते लागल्यामुळे नव्हते मिटले, हे मला कळलं आणि त्यांनाही कळलं.

मग ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. आई सवयीनं कोनाड्यातला वेगळा ठेवलेला कप घेऊन आली. त्यांनी कपाकडे बघितलं, हात पुढे केला नाही.

“बाई, तुमच्या मालकाले म्या आताच छातीशी धरलं,” ते शांतपणे म्हणाले. “हा कप कायले आनला?”

आई खाली मान घालून आत गेली आणि आमचा पितळी गिलास भरून घेऊन आली. ते सावकाश, तोंड लावून प्याले. गिलास पालथा घातला. म्हणाले, उद्या बाजाराच्या आधी येतो, संध्याकाळी जाताना परत येईन. आणि मला म्हणाले, बाबू, तू दुपारी बाजारात ये, तुझ्याशी काम आहे.

दुपारी त्यांनी मला गवताच्या ढिगाआड नेलं. “गोटा लागलेला मानूस मारनाऱ्याले शिव्या देते,” ते म्हणाले. “तू त वाकाले भेऊन राहिला. काय उचललं होतं?”

मी सगळं सांगून टाकलं. तुम्हाला सांगतो, दोन महिन्यांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. ते हसले नाहीत. तरुणपणी त्यांचीही कंबर अशीच गेली होती, रुईच्या गाठीखाली. घरात पडून राहायची सोय नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशी रिकामी पोती उचलायला लागले. “दुखते म्हनजे तुटलं असं नसते, बाबू. ते फक्त घाबरलं हाय. त्याले थोडं थोडं समजवा लागते.”

आणि माझ्यापुढे त्यांनी संत्र्याची एक रिकामी पेटी ठेवली. तीही मला पहाड वाटली. बूड मागे, छाती पुढे, पेटी पोटाला चिकटलेली, नजर समोरच्या लिंबाच्या झाडावर. आठवडाभर रिकामी पेटी. मग तळाला गवत आणि एक डझन संत्री. दुसऱ्या दिवशी आणखी एक डझन. ते स्वतः संत्री मोजून घालायचे आणि वर एकही जास्त पडू द्यायचे नाहीत. एकदा ते ट्रकवर चढले असताना मी हावरटपणानं तीन डझन एकदम वाढवली. कमरेनं लगेच जागा दाखवली. मला वाटलं, झालं, संपलं. त्यांनी येऊन पेटी उलटी केली, सगळी संत्री बाहेर काढली आणि म्हणाले, उद्या परत रिकामी. शिवी एकच दिली, पण अशी की आजही घरात उच्चारता येत नाही.

इकडे घरी ते रोज सकाळ-संध्याकाळ येत होते. वडिलांना उचलताना म्हणायचे, “पाटील, सावरगाववाल्याच्या खांद्यावर हाय तुम्ही. पांढुर्न्यात कोनाले सांगू नका.” पहिले काही दिवस वडील डोळे मिटून राहिले. मग एके दिवशी डोळे उघडे राहिले. मग एकदा, मी ऐकलं, घशातून खरखर आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. वडील हसत होते. मी धीर करून वडिलांना गोट्याचं खरं सांगितलं, त्यावर मात्र ते दोन दिवस माझ्याकडे बघायला तयार नव्हते.

संक्रांत झाली तोवर मी भरली पेटी उचलायला लागलो होतो. पण काकाजी म्हणाले, पेटीला कोपरे असतात, माणसाला नसतात. म्हणून ते स्वतः बाजारातल्या खाटेवर अंग सैल सोडून आडवे झाले. “मी पाटील हाय. उचल.” हमाल जमले, दलाल जमला. मी उचललं तर हे हुबेहूब वडिलांसारखे घशातून कण्हायला लागले. सगळा बाजार हसून हसून लोळला, मीसुद्धा, आणि हसताना माणूस हातून पडला नाही हे त्यांनीच आधी ओळखलं. म्हणाले, झालं तुझं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यामागे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि मी वडिलांना उचललं. चार पावलांचं अंगण. आईनं तोंडाला पदर लावला. मला रडू आलं ते भीतीचं नव्हतं, भीती गेल्याचं होतं. मी त्यांना “काकाजी” म्हटलं, पहिल्यांदा. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चपला घालून बाजाराकडे निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात हमाली सोडून ते सौसरला लेकीकडे राहायला गेले. मी दोनदा जाऊन भेटलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा लेकीनं मला बसायला दिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला समजलं. आता त्या गोष्टीलाही किती वर्षं झाली.

पण त्यांचं नाव निघालं की मला आठवते ती त्याच्याही आधीची, ते आमच्याकडे आले नाहीत ती पहिली सकाळ. यायचं काही कारणच उरलं नव्हतं. वडील दाराकडे बघत होते. मी म्हटलं, आता मीच आहे. त्यांना उचललं, अंगणात नेलं, खाटेवर ठेवलं आणि कंबर सरळ करून मोठ्या ऐटीत उभा राहिलो. कुठं कळ नाही, काही नाही. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, जीभ गोळा केली.

“तो... सावरगाववाला... हळू ठेवे,” ते म्हणाले.

मी पुन्हा वाकलो, त्यांना पुन्हा उचललं, आणि या वेळी हळू ठेवलं.