चिमूटभर कमी

माणसाच्या आयुष्यातली खरी क्रांती चिमटीत मावते. हे वाक्य माझं आहे. आमच्या मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात मी ते माईकवरून म्हटलं, तेव्हा चांगल्या टाळ्या पडल्या. चिमूट मात्र माझी नव्हती, आईची होती.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर होते. उन्हाळ्यात भट्टीसमोर इतका घाम जायचा की पाणी मीठ घालूनच प्यायचं, ही तिथली रीत. बाबांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम मिठाची पुडी असे. पुढे ते रिटायर झाले, प्लांटजवळच रिसालीत घर बांधलं, घाम थांबला. मीठ थांबलं नाही. चव न घेताच ते वरणावर मीठ शिंपडायचे. मग एका सकाळी चक्कर येऊन अंगणात पडले. डॉक्टरांनी बीपी पाहिला आणि सांगितलं, मीठ निम्म्यावर आणा, नाहीतर पुढच्या वेळी अर्धं अंग जाईल.

"मीठ नोको म्हणते थो," बाबा घरी येऊन आईला म्हणाले. "तीस वर्सं भट्टीसमोर होतो मी. त्याले म्हणा, एक दिवस उभा राहून पाह्य."

"थो कावून उभा राहीन?" आई म्हणाली. "त्याले डोकं हाय."

मी वाचणारा माणूस. कुठल्याशा लेखातली युक्ती मी आईला सांगितली: एकदम काही बदलायचं नाही, दर आठवड्याला चिमूटभर कमी करायचं, जिभेला पत्ता लागत नाही. लेख मी वाचला, चिमटी आईनं मोजल्या. सोमवारपासून वरणात चिमूटभर मीठ कमी, पुढच्या सोमवारी आणखी थोडं. मीठदाणी ताटाजवळून हलून फडताळात गेली. भाताचा ढीग लहान झाला, शेजारी काकडी आली. बाबा कुरकुरले नाहीत, कारण त्यांना कळलंच नाही. मी फ्रिजवर तक्ता लावून त्यांच्या बीपीचे आकडे लिहायचो. दिवाळीपर्यंत ते वळणावर आले.

उरला प्रश्न वाळवणाचा आणि लोणच्याचा. उन्हाळ्यात आईनं घातलेल्या सांडग्या मिरच्या होत्या, दोन डबे पापड होते, चिनीमातीची बरणी भरून आंब्याचं लोणचं होतं. हे सगळं बाबांच्या ताटातून गेलं, घरातून गेलं नाही. आमची जेवणं उरकली की आई त्या अळणी वरणभातासोबत लोणच्याच्या दोन मोठ्या फोडी आणि मिरच्या घेऊन एकटी बसायची.

"तू कावून खाऊन राहिली हे?" मी एकदा विचारलं.

"मंग काय नालीत टाकू? वर्साचं हाय. हे संपलं का पुढच्या साली घालतच नाई."

मला ते पटलं. माझ्या तक्त्यात आईचा रकाना नव्हता.

जानेवारीत मेळावा झाला. बाबांना शाल, नारळ आणि 'आदर्श आरोग्यसाधक' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं प्रमाणपत्र मिळालं. माईकपाशी आधी अध्यक्षांचं पोट पोचलं, मागून अध्यक्ष. ते पाऊण तास संयमावर बोलले. त्यानंतर मी बोललो, ते वर आलंच आहे. हॉलच्या दारात बीपी मोफत तपासायचं टेबल होतं. बाबांची शाल सांभाळत आई तिथल्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे दोनच बायका राहिल्या, तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "अवं, फोटोले ये!" फोटो निघाला. ती परत गेली तोवर टेबल आवरून त्यावर समोसे मांडले होते.

"जाऊ दे," ती मला म्हणाली. "मले काई होऊन नाई राहिलं."

मी मान डोलावली. तोंडात समोसा होता.

होळीच्या आधी एका सकाळी पोळ्या करताना तिच्या हातातून लाटणं सुटलं. उचलायला वाकली आणि उठली नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बीपी पाहून विचारलं, "खाने में नमक ज़्यादा चलता है क्या?"

बाबा ताठ झाले. "नहीं साहब. हमारे घर में नमक नाम को है." आणि त्यांनी मोबाइल काढून प्रमाणपत्राचा फोटो दाखवला. खाटेवरून आई त्यांच्याकडे बघत होती. तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी बरणी उघडली. तळाशी एक फोड शिल्लक होती.

आता आई बोलते, काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. उजवा हात हलत नाही. स्वयंपाक बाबा करतात, कुणाचं ऐकत नाहीत. डाळ उकळली की ते ओट्यापाशी थांबतात आणि विचारतात, "चिमूट म्हणजे किती वं?" ती खुर्चीतून डाव्या हाताची बोटं जुळवून दाखवते. बाबा नीट बघतात, मान हलवतात आणि आपल्या जाड बोटांनी तशीच चिमूट घालतात.

वरण रोज खारट होतं.