दहाची गाडी बेचाळीस मिनिटं का थांबली

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी रेल्वे संग्रहालयाची दहाची सहलगाडी दहा बेचाळीसला सुटली. इंजिन ठीक होतं, सिग्नल मिळाला होता, प्रवासी वेळेआधी बसले होते.

स्टेशन मास्तर माझे वडील होते, आमचे अण्णा. वय चौऱ्याहत्तर, नोकरी सुटून चौदा वर्षं झालेली. संग्रहालय रविवारी तीन जुने डबे येलहंका स्टेशनापलीकडच्या टेकड्यांपर्यंत नेतं आणि गाडी जुन्या पद्धतीने रवाना करायला निवृत्त माणसं बोलावतं. व्यवस्थापकांना अण्णांच्या वयाची शंका होती. "आजचा दिवस बघू, मग ठरवू," असं त्यांनी सांगितलं होतं. अण्णांनी कोट आठवडाभर आधीच इस्त्रीला दिला होता.

जुनी पद्धत अशी: वेताचं मोठं कडं, त्याला चामडी पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. हा गोळा म्हणजे टोकन. ते मिळाल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. आता हे फक्त प्रवाशांना दाखवण्यासाठी करतात.

साडेनऊपासून लोक ते कडं गळ्यात घालून फोटो काढत होते. अण्णांनी गोळा काढून घेतला आणि बाकावर बसलेल्या आईच्या कापडी पिशवीत ठेवला. "कुणी मागितलं तरी द्यायचं नाही," असं बजावलं. दहाला त्यांनी कडं इंजिनात दिलं. गोळा आधी परत घ्यायचा राहिला. ड्रायव्हर के. आर. पुरम भागातले कानडी गृहस्थ, तेही निवृत्त. त्यांनी चामडी पिशवी दाबून पाहिली आणि खाली उतरले.

"टोकन इल्ला, मास्तर." इल्ला म्हणजे नाही.

अण्णा बाकाकडे गेले. बाकावर कुणी नव्हतं.

व्यवस्थापक धावत आले. "सर, ते नुसतं दाखवायचं आहे! निघा ना!"

"टोकन इल्ला, गाडी इल्ला," ड्रायव्हर म्हणाले.

"बरोबर बोलतायत ते," अण्णा म्हणाले.

"कुठे ठेवलंत, आठवतंय का?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"चांगलं आठवतंय. ठेवलेली जागाच उठून गेलीय."

आईला फोन लावला. तिने उचलला नाही. फलाट, उपाहारगृह, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेरची रांग, सगळीकडे पाहिलं. मग मी डब्यांत शिरलो. दहा तेहतीसला ती तिसऱ्या डब्यात खिडकीशी दिसली. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, फोन आत वाजत होता.

"फोन का घेत नाहीस?"

"पिशवी उघडायची नाही."

"आई, ती दे. गाडी अडलीय."

"तू स्टाफ आहेस का?"

"मी मुलगा आहे तुझा!"

"ते माहीत आहे मला. स्टाफ आहेस का?"

शेवटी अण्णांना यावं लागलं. कोट घालून, फलाटाच्या टोकापर्यंत, मागे व्यवस्थापक.

"अहो, याला दिलं नाही मी," आई म्हणाली. "रडकुंडीला आला, तरी नाही."

"सरी, सरी, बरोबर केलंस," अण्णा म्हणाले. "दे आता."

"खिडकी मात्र सोडणार नाही."

गोळ्याला चकलीचं तेल लागलं होतं. ड्रायव्हरांनी तो रुमालाने पुसून चामडी पिशवीत टाकला, पिशवी पुन्हा एकदा दाबून पाहिली आणि शिट्टी दिली.

उशिराचं कारण अण्णांनी संग्रहालयाच्या वहीत स्वतः लिहिलं: 'टोकन सुरक्षित होते.' व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचून खाली सही केली.

पुढच्या रविवारची यादी मंगळवारी आली. स्टेशन मास्तर या कामापुढे अण्णांचं नाव होतं. टोकनपुढे आईचं.