‘दडपणाऱ्या पेशीं’वरची लाल फुली

सकाळचे अकरा. सात रस्त्याजवळची आमच्या दैनिकाची कचेरी. आणीबाणीतला उन्हाळा. रोजचं प्रूफ मी सरकारी तपासनीसांकडून पास करून आणायचो. त्यामुळे किस्से इतके साठले, की छपाईच्या खिळ्यांच्या खणांत मावेनात! हसत सांगतो मी ते, पण राग अजून गेलेला नाही.

*

डॉ. चिटणीस आमचे रविवारचे लेखक. लेखाचं नाव, ‘दडपणाऱ्या पेशी’. तपासनीस साहेबांनी चष्मा वर केला.

“कोण कोणाला दडपतंय?”

“पेशी, साहेब. शरीरातल्या.”

“शरीर कुठलं? इथलं?”

*

शेवटी नाव झालं, ‘शिस्त लावणाऱ्या पेशी’! डॉक्टरांनी येऊन टेबलावर हात आपटला. “अहो, शिस्त कसली! काविळीचा विषाणू शिरला की शरीराची फौज तुटून पडते. त्या नादात आपलंच यकृत जाळते. तेव्हा ‘पुरे’ म्हणणाऱ्या पेशी लागतात.”

खिळे जुळवणाऱ्या यल्लप्पानं मान वर केली. “आन् डाक्टर, त्या लई लवकर ‘पुरे’ म्हणाल्या तर?”

“तर विषाणू आतच राहतो.”

“मग आपल्या पेपरात तेच चाललंय की!”

संपादकांनी आधी दार लावलं, मग हसले.

*

यल्लप्पा मात्र हसला नाही. तो राहायचा त्या पूर्व भागात घरोघरी डोळे पिवळे झाले होते. लेक पद्मा दोन गल्ल्या पलीकडं सासरी, आठवा महिना लागलेला. डॉक्टरांनी लेखाच्या शेवटी दोन ओळी घातल्या: ‘पूर्व भागात काविळीची साथ आहे. पाणी उकळूनच प्या, गरोदर बायकांना जपा.’

साहेबांनी लाल फुली मारली. “साथ जाहीर झालेली नाही.”

“माणसं पिवळी झालीत!” मी ओरडलो.

“झाली असतील. जाहीर झालेली नाहीत.”

*

कोरी जागा सोडायला बंदी होती. साहेबांनीच मजकूर सांगितला आणि आम्ही निमूट छापला: ‘उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या.’

यल्लप्पा पद्माच्या सासरी पाणी उकळायला सांगून आला. विहीणबाईंनी पेपरच पुढं केला. “व्याही, तुमीच जुळवलंय न्हवं हे? ह्यात उकळा कुटं म्हटलंय?”

*

पद्मा पंधरा दिवसांत गेली. पोटातलं बाळही गेलं.

तेरावं झाल्यावर यल्लप्पा कामावर आला. फायलीतून ते प्रूफ काढलं आणि माझ्याबरोबर येऊन साहेबांसमोर ठेवलं.

“साहेब, ही फुली तुमचीच न्हवं?”

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. “सही कुठाय?”

ते प्रूफ माझ्याकडे आहे. लाल फुली आहे, ‘तपासले’ असा शिक्का आहे. सहीची जागा कोरी आहे.