मामांनी बसवलेलं चाक

जगातलं कुठलंही काम एकदा करून संपतं, यावर माझ्या बायकोच्या मामांचा विश्वास नाही. बनशंकरी भागातल्या त्यांच्या घराला कुलूप लावलं की ते ओढून पाहतात, गेटपर्यंत जातात, परत येऊन पुन्हा ओढतात, आणि रिक्षात बसल्यावर शेजाऱ्यांना फोन करून त्यांनाही ओढायला लावतात. आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटवर जेवायला आले असता गळणारा नळ त्यांनी अशा निष्ठेने आवळला, की तो गळायचा थांबला आणि उघडायचाही थांबला. मी प्लंबरला बोलावलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "पण आता गळत नाही ना?"

अशा माणसाच्या नातीला मोटरसायकलचा नाद लागावा, हे नशीब माझं. गौरी अकरा वर्षांची आहे. देवनहळ्ळीच्या पुढे मातीच्या ट्रॅकवर मुलांना छोट्या डर्ट बाइक चालवायला शिकवतात, तिथे ती रविवारी जाते. तिची गाडी चढावर दम सोडायची. तिथले सर म्हणाले, मागच्या चाकावरचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, जरा मोठी बसवा; वेग कमी होईल, पण गाडी चढेल. मेकॅनिकने ती चहा निवायच्या आत बसवली असती. मामा म्हणाले, "परक्याच्या हाताला घाई असते, जावईबापू. शनिवारी या. तुम्ही नुसतं चाक धरा."

मी चाक धरलं. मामांनी नवी चकती बसवली, ती वाकडी बसू नये म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. मग हात पुसता पुसता त्यांचा चेहरा पडला. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना एक निळं औषध लावतात. "एखाद्याला राहिलं असेल का हो?"

"सगळ्यांना लावलंत. मी पाहत होतो."

"पाहत होतात, की चाक धरत होतात?"

सगळे बोल्ट निघाले, पुसले गेले, पुन्हा लागले. मग चकती उलटी तर बसली नाही ना, अशी शंका आली. मामांनी ती काढून, फिरवून, खरोखरच उलटी बसवून पाहिली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, आधीचीच बरोबर होती." अखेर चाक गाडीला चढवलं, तर चेन पुरेना. मोठ्या चकतीला लांब चेन लागते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी गर्दीतून जे. सी. रोडला जाऊन चेन आणली. येऊन पाहतो, तर चाक पुन्हा खाली आणि बोल्ट पुन्हा सुटे. "तुम्ही येईपर्यंत म्हटलं एकदा बघून घ्यावं." मी बायकोला फोन लावून तिच्या आजोळाबद्दल जे बोललो, ते तिने अजून मला माफ केलेलं नाही.

रविवारी ट्रॅकवर मामा परत पाना घेऊन चाकापाशी उकिडवे बसले. गौरीचा नंबर निघून चालला होता. "अज्जा, साकु," ती हेल्मेटमधून म्हणाली. पुरे. "स्वल्प थांब गं," म्हणत मामांनी आणखी एक बोल्ट चाचपला. मी जरा रागानेच त्यांच्या हातातून पाना काढून घेतला, आणि ती सुटली.

वळून पाहतो, तर मामा ट्रॅककडे पाठ करून उभे. नजर समोर लावलेल्या मोटारींवर.

"मामा, ती चढापाशी पोचली."

"आवाज कसा येतोय?"

"चांगला येतोय. वळून बघा ना."

"नको. तुम्ही सांगा."

त्यांनी पाठीमागे हात एकमेकांत घट्ट धरले होते; नखांत कालचं ग्रीस होतं. मी सांगत राहिलो. आता चढतेय, जरा मंद झाली, नाही, चढतेय, पोचली वर. त्यांनी मान हलवली, पण वळले नाहीत.

गौरी धुळीने माखून परत आली. "अज्जा, बघितलंत?"

"बघितलं की," मामा म्हणाले. "वर पोचायच्या आधी जरा मंद झालीस."

ती माझ्याकडे पाहून हसली. "अज्जांच्या नजरेतून काही सुटत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही सुटत."